भरतीच्या वेळी उभं राहायला जागा

मी ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं रक्ताच्या काचा बघते. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यात न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती, इओसिनोफिल किती हे डाव्या हाताने काउंटरवर टकटक करत नोंदवायचं, हे माझं काम. त्यामुळे २०१९ च्या सुरुवातीला एक मैत्रीण म्हणाली, "खाडीवर पक्षी मोजायला माणसं हवीत, येतेस का?" तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मोजणं तर रोजचंच. पेशी काचेवर चिकटलेल्या असतात आणि पक्षी उडतात, एवढाच काय तो फरक.

आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते, १९८७ पासून. एकाच पंधरवड्यात देशोदेशीचे लोक आपापल्या तळ्यावर, खाडीवर जाऊन दिसेल ते मोजतात. आपल्याला ठाणे खाडीचा एक तुकडा मिळणार आहे असं कळल्यावर मी आधीच्या एका रविवारी एकटीच सरावाला गेले. सकाळी आठला बांधावर. नवऱ्याची जुनी दुर्बीण गळ्यात, टोपी, पाण्याची बाटली, वही. समोर अर्धा-पाऊण किलोमीटर चिखल पसरलेला आणि त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेला, राखाडी ठिपके. हजारो असतील. दुर्बिणीतूनही ते ठिपकेच राहिले, फक्त थोडे मोठे झाले. तासभर डोळे ताणून वहीत मी एवढंच लिहिलं: "बगळा ३. बाकी माहीत नाही."

बांधाखाली एक मावशी चिंबोऱ्या धरत होत्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, "ताई, आता काय बगता? पानी चरू द्या. पानी चरला की पाखरा सगली बांदावर येतान."

किनाऱ्यावरचे पक्षी मोजण्याचं पुस्तकी ज्ञान मी नंतर पुष्कळ गोळा केलं, पण मावशींच्या त्या एका वाक्यात त्यातलं निम्मं येऊन गेलं होतं.

आमच्या गटाचे म्होरके एक निवृत्त गणिताचे शिक्षक, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांना ही फजिती सांगितली तर त्यांनी आधी विचारलं, "तिथी कोणती होती?" मी कपाळाला आठ्या घातल्या. पक्षी काय मुहूर्त बघून येतात? मग त्यांनी मला पाऊणकी म्हणायला लावली. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे, हे माझ्या आजोबांच्या पिढीचं पाठांतर, मला त्यातलं काही येत नव्हतं. हिशेब असा: मुंबईच्या किनाऱ्याला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीया असेल तर दोन पाऊणे दीड, म्हणजे दीडला पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन. अष्टमीला सहा. दिवसा तीच, रात्रीही साधारण तीच, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. मी गेले तो दिवस चतुर्थीचा होता. नऊला पूर्ण ओहोटी, म्हणजे पाणी जास्तीत जास्त लांब गेलेलं आणि पाण्याच्या कडेने चरणारे पक्षीही त्याच्यामागे तितकेच लांब. आता मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिनिटासकट मिळतं, तरी मी अजून आधी पाऊणकी करते आणि मग मोबाइल बघते. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. खाडीच्या आत पाणी जरा उशिरा पोचतं, तो हिशेब वेगळा.

दुसरा धडा तुरीच्या डाळीचा. काकांनी ताटात मूठभर डाळ फेकली, पाच सेकंद दाखवली आणि वर रुमाल टाकला. "किती?" मी म्हटलं, दीडशे. मोजली तर तीनशे चाळीस निघाली. गटातल्या सगळ्यांचे अंदाज कमीच होते, कुणाचाही जास्त नव्हता. मोठा थवा समोर आला की माणूस हमखास कमी धरतो. उपाय साधा पण कंटाळवाणा: आधी दहा नीट मोजायचे, त्या दहांनी नजरेत केवढी जागा व्यापली ते लक्षात ठेवायचं, त्या मापाने शंभराचा एक तुकडा बसवायचा आणि मग तो तुकडा थव्यावर सरकवत न्यायचा. दोन महिने आमच्याकडे वरण होण्याआधी डाळ ताटात मोजली जायची. मुलगा वैतागून म्हणायचा, "आई, कुकर लाव."

ओळख पटवणं मात्र मला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. हिवाळ्यात इथे येणारे बहुतेक चिखलपक्षी वरून राखाडी, खालून पांढरे. रंगावर जाल तर फसाल. चालीवर जायचं. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो; तो डोळ्यांनी शिकार शोधतो. टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट, मान वर न करता शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत राहतो. कर्ल्यू सँडपायपरची चोच टोकाला खाली वाकलेली, तो पोटापर्यंत पाण्यात उभा राहून ती आत खुपसतो. टेरेक सँडपायपरची चोच उलट वर वळलेली आणि तो खेकड्याच्या पिल्लांमागे बस चुकलेल्या माणसासारखा पळतो. गॉडविटची चोच एवढी लांब की ती चिखलात पार बुडते. या पक्ष्यांपैकी अनेकांना चोच बंद ठेवून फक्त तिचं टोक चिखलाच्या आत उघडता येतं. म्हणजे आपण खिशात हात घालून चाचपत नाणं काढतो, तसंच. मराठी नावं आहेत, शेकाट्या, उचाट्या, कालवफोड्या अशी एकाहून एक झकास आहेत, पण दुर्बिणीला डोळा लावला की आमच्या गटात सगळे इंग्रजी नावंच ओरडतात. मीसुद्धा.

मिश्र थव्यापुढे गटातले जुनेजाणतेही गडबडायचे. तिथे माझं लॅबमधलं काम कामी आलं. थव्यातले एकूण पक्षी आधी अंदाजायचे. मग दुर्बीण थव्याच्या एका कडेला लावून सलग शंभर पक्षी घ्यायचे: किती टिलवे, किती सँड प्लोव्हर, किती कर्ल्यू सँडपायपर. असं तीन-चार ठिकाणी करायचं आणि ते प्रमाण एकूण आकड्याला लावायचं. रक्तातला डिफरन्शियल काउंट तरी दुसरा काय असतो? काका खूश झाले. तेव्हापासून मोजणीला जाताना लॅबमधला जुना, बाद झालेला काउंटर माझ्या पिशवीत असतो.

आता मावशींनी सांगितलेली गोष्ट: पाणी चढलं की पाखरं बांधावर येतात, ती.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवेच्या-अवसेच्या आगेमागे, मुंबईच्या खाड्यांमध्ये पाणी चार-साडेचार मीटर चढतं, कधी त्याहूनही जास्त. सगळा चिखल झाकला जातो. या पक्ष्यांचे पाय बोटभर. बदकासारखं पाण्यावर तरंगत बसणं त्यांच्या स्वभावात नाही आणि तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, जंगलात उतरणं यातल्या बहुतेकांना जमत नाही; त्यांना चौफेर दिसणारी उघडी जागा लागते. मग ते बांध ओलांडून आत येतात. जुनी मिठागरं, खाजणं, घोट्याएवढं पाणी असलेली तळी, अशा ठिकाणी दोन-तीन तास उभे राहतात आणि पाणी उतरू लागलं की परत चिखलावर जातात. दिवसातून दोनदा, रात्रीही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते गणनेच्याच दिवशी. आम्ही बांधाआडच्या एका पाणथळीपाशी बसलो होतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पूर्ण भरतीला दीड तास होता आणि समोर चार शेकाट्या सोडून काही नव्हतं. मग मागून, खाडीकडून, कापड झटकल्यासारखा आवाज आला. डोक्यावरून एक तुकडी गेली, वळली, वळताना सगळी एकदम पांढरी झाली, पुन्हा वळून राखाडी झाली आणि तळ्याच्या मधल्या उंचवट्यावर उतरली. पाच मिनिटांनी दुसरी आली, पाठोपाठ तिसरी. आधी टिलवे आणि प्लोव्हर, मग रेडशँक आरडाओरडा करत, शेवटी गॉडविट. गॉडविट पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, बुटके कडेला, ज्याच्या-त्याच्या पायाच्या उंचीप्रमाणे. अर्ध्या तासात तो उंचवटा दिसेनासा झाला. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. झोपलेत असं वाटावं, पण घार दिसली की तीन हजार डोळे एकदम उघडतात.

सकाळभर अर्ध्या किलोमीटरवर ठिपके असलेले तेच पक्षी आता साठ-सत्तर मीटरवर होते. मोजायला याहून चांगली वेळ नाही.

त्यांनी तिथे उभं राहणं म्हणजे आराम, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं. खरं तर तो त्यांच्या प्रवासाच्या जमाखर्चातला मोठा आकडा आहे. आपल्याकडचे टिलवे नि कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून, आर्क्टिकच्या टुंड्रातून येतात. सँड प्लोव्हर तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून. (मधल्या काळात शास्त्रज्ञांनी लेसर सँड प्लोव्हरचे दोन वेगळे पक्षी केले, तिबेटी आणि सैबेरियन, आमच्या जुन्या तक्त्यांची त्यामुळे जी दशा झाली ती विचारू नका.) मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो हाच, तीस देशांवरून जाणारा. परतीच्या वाटेसाठी मार्च-एप्रिलमध्ये त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. ओहोटीत खायचं, भरतीत ते जपायचं. उभं राहायला जागा नसेल तर ते हवेत घिरट्या घालत राहतात आणि खाल्लेलं तिथेच जळतं.

हे मी वाचून सांगत नाही. २०२१ च्या पावसाळ्यानंतर आमच्या त्या पाणथळीच्या उघाडीच्या, म्हणजे बांधातून भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटेच्या, तोंडाशी भराव पडला. कुणी टाकला, कशासाठी, यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला. त्यात जात नाही, अजून चालू आहे. भरतीचं पाणी आत यायचं थांबलं. डिसेंबरपर्यंत तळं सुकून भेगाळलं. जानेवारीत गणनेला आम्ही गेलो तेव्हा त्या उंचवट्यावर मुलांनी स्टंप रोवले होते. मुलांचा काय दोष, सपाट जागा मिळाली की क्रिकेट होणारच. वेळेवर तुकड्या आल्या. डोक्यावरून गेल्या, वळल्या, पांढऱ्या झाल्या, खाली आल्या, कुत्रं भुंकलं, पुन्हा वर. मी घड्याळ लावलं. एक तुकडी माझ्या नजरेसमोर एकेचाळीस मिनिटं हवेत होती. मग ती दक्षिणेकडे निघून गेली. कुठे उतरली, उतरली का, कळलं नाही.

तक्त्यात मी रेषा मारायला घेतली तर काकांनी पेन धरलं. "रेषा नको. शून्य लिही. रेषा म्हणजे आपण मोजलं नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हते." तेवीस जातींपुढे तेवीस शून्यं लिहिली. लॅबमध्ये रिपोर्ट वाईट आला तरी हात थरथरत नाही माझा, त्या दिवशी अक्षर बिघडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२२ ला, ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. फ्लेमिंगो अभयारण्य तर ती २०१५ पासून आहेच. आमच्या सोसायटीत आनंदीआनंद. गच्चीवरून फ्लेमिंगो दिसतात म्हणून फ्लॅटचे भाव सांगताना त्यांचा उल्लेख करणारे लोक आमच्याकडे आहेत. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, देखणा आहे, वादच नाही, आणि त्याच्यामुळे खाडीला थोडंफार संरक्षण मिळालं हेही खरं. पण त्याच्या पायाशी टिलवे असतात ते कुणाच्या फोटोत येत नाहीत. आनंदाच्या भरात ठरलं की सोसायटीतर्फे खाडीकाठी खारफुटीची रोपं लावायची. कुठे, तर उघड्या चिखलावर, कारण तिथे "काहीच नाही". मी म्हटलं, मी येणार नाही. सेक्रेटरी रागावले, पर्यावरणवाली बाई आणि झाडं लावायला नाही म्हणते! खारफुटी तोडायला माझा विरोध आहेच, पण या खाडीत गाळ साचून तिवरं आपली आपण चिखलावर सरकताहेत. एका बाजूने तिवरं, दुसऱ्या बाजूने भराव आणि बांध. समुद्राचं पाणी वर चढतंय. एरवी चिखलानेही जमिनीकडे सरकून जागा केली असती, पण मागे सिमेंटची भिंत आहे. मधल्या मधे उघडा चिखल आक्रसतोय. त्याच्यावर "काहीच नाही" असं ओहोटीला न गेलेला माणूसच म्हणू शकतो. रोपं शेवटी लागली नाहीत, पण माझ्या समजावण्याने नव्हे. चिखलात उतरायला कुणी तयार झालं नाही.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाला नोंदी लिहायला माणूस हवा होता, मी गेले. या कामाला सरकारी परवाने लागतात, हौशी माणसाने करायची गोष्ट नाही. नोव्हेंबरची अमावस्या. अंधारात बारीक जाळी उभी केलेली, भरतीला आत येणारे पक्षी त्यात अलगद अडकतात. जाळ्यातून पक्षी सोडवणारे दोघे बिहारचे, मीरशिकार घराण्यातले. पक्षी धरण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. जाळीची गाठ पिसांतून अशी काढत होते की मला आमच्याकडची सगळ्यात हलक्या हाताची, रक्त घेणारी सिस्टर आठवली. पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पंख तळव्यात मिटलेले. कडी, पक्कड, किंचित दाब. मग पंखाचं माप, नडगीचं माप, चोचीचं माप. वजनाला त्याला प्लास्टिकच्या नळीत उलटा घालतात, तो आश्चर्याने गप्प बसतो. "टिलवा. बावीस ग्रॅम." मी लिहिलं. बावीस ग्रॅम म्हणजे बाजारात भाजीवाली बाई चिडवायला वरून टाकते ते छोटं लिंबू.

पिसांवरून कळलं की तो त्याच वर्षीचा पिल्लू होता. जून-जुलैत टुंड्रात अंड्यातून निघालेला. या जातींमधले प्रौढ आधी निघून येतात, पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, आयुष्यात न पाहिलेल्या चिखलाच्या दिशेने. मला माझ्या मुलाला पहिल्यांदा एकट्याने लोकलने पाठवलं तो दिवस आठवला. ठाणे ते दादर.

चोचीचं माप मिलिमीटरच्या दशांशापर्यंत कशाला, हे मी तिथल्या मुलीला विचारलं. तिने रेड नॉटचं उदाहरण दिलं. सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पात बर्फ आता लवकर वितळतं. किडे लवकर निघतात, आणि पिल्लं अंड्यातून येईपर्यंत त्यांचा भर ओसरलेला असतो. पिल्लं अंगाने लहान आणि चोचीने आखूड राहतात. तीच पिल्लं पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर हिवाळ्याला येतात तेव्हा वाळूत खोलवर असलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोचत नाही. आखूड चोचीची पिल्लं कमी जगतात. २०१६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. आपले कर्ल्यू सँडपायपरही तैमिरलाच घरटी करतात. त्यांचंही तसंच होतंय असं तिने म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण त्यानंतर तिने पुकारलेला प्रत्येक आकडा मी दोनदा विचारून लिहिला.

तो टिलवा सोडताना तिने माझ्या तळव्यावर ठेवला. उडाला नाही लगेच. अंधारात त्याला आपण सुटलोय हे कळायला वेळ लागला असेल. तळव्यावर वजन असं जाणवतच नव्हतं, फक्त ऊब आणि आतली भयंकर जलद धडधड. मग ऊब गेली.

२०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक धोका-यादीत सोळा चिखलपक्ष्यांची श्रेणी आणखी वाईट झाली. कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोव्हर, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर, तिन्ही आमच्या तक्त्यातले, 'असुरक्षित'मध्ये गेले. काकांनी ती बातमी गटावर टाकली आणि खाली काही लिहिलं नाही. एरवी ते तिथीसुद्धा तीनदा लिहितात.

उघाडीचं म्हणाल तर गेल्या पावसाळ्यात भरावाचा एक कोपरा पाण्यानेच कापला. पाइपाएवढी वाट झाली आहे. उधाणाला आत वीतभर पाणी चढतं, उंचवट्याचा अर्धा भाग ओला होतो. गेल्या महिन्यात तिथे सँड प्लोव्हर उतरले, टिलवे उतरले, गॉडविट अजून नाहीत. त्यांना खोल लागतं. क्रिकेटवाल्या मुलांशी काकांनी बोलणी केली आहेत. उधाणाच्या चार दिवसांत भरतीच्या आगेमागे दोन तास खेळ बंद, त्या बदल्यात काका त्यांची दहावीची गणितं घेतात. मुलं पाऊणकी शिकली आहेत. आता तीच मला फोन करून वेळ सांगतात.

येत्या रविवारी द्वितीया आहे. दोन पाऊणे दीड. मी साडेअकराला बांधावर असेन, घमेलं आणि फावडं घेऊन. कापलेल्या कोपऱ्यात प्लास्टिक अडकून पाणी तुंबतं, ते पक्षी यायच्या आत काढायचं आहे.